एकाच नोंदवहीचे दोन अर्थ: बेळगावची मिसोप्रोस्टॉल चाचणी आणि तिच्यावरचा वाद

बेळगाव जिल्ह्यातील चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत सप्टेंबर 2002 ते डिसेंबर 2005 या काळात 1620 बाळंतिणींवर एक औषधचाचणी झाली. बाळंतपणानंतर होणारा अतिरक्तस्राव मिसोप्रोस्टॉल या गर्भाशय आकुंचित करणाऱ्या औषधाच्या गोळ्यांनी टळतो का, हा तिचा प्रश्न होता. निष्कर्ष ऑक्टोबर 2006 मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या निर्णयांपर्यंत त्यांचा आधार घेतला गेला. सहा वर्षांनी लंडनमधल्या संशोधकांनी या चाचणीसह उपलब्ध असलेला सगळा पुरावा पुन्हा तपासला आणि ज्या निर्णयासाठी तो वापरला गेला त्या निर्णयाला तो पुरेसा नाही, असे जाहीरपणे मांडले. आकडे बनावट असल्याचा आरोप या वादात नव्हता. त्या आकड्यांवरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, यावर तो होता. आपल्या सीमाभागात महाजन अहवालावर आणि म्हादईच्या पाण्यावर जितके बोलले जाते, तितके या चाचणीवर बोलले गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आपल्याच खेड्यांतील बायकांच्या रक्ताच्या मोजमापावर जगाचे धोरण ठरले असेल, तर त्या मोजमापाचा अर्थ आपण समजून घ्यायला हवा.

प्रथम चाचणी प्रत्यक्षात कशी झाली ते पाहू, कारण वादाचे मूळ तिच्या रचनेतच आहे. अमेरिकेतील मिसुरी-कॅन्सस सिटी विद्यापीठाचे डॉ. रिचर्ड डर्मन आणि बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. बी. एस. कोडकणी, डॉ. एस. एस. गौडर व त्यांचे सहकारी यांनी ती उभी केली. गावात बाळंतपण करायला जाणारी एएनएम, म्हणजे लोकांची सिस्टर, हीच या चाचणीची खरी कार्यकर्ती होती. बाळाची नाळ कापल्यावर पाच मिनिटांच्या आत ती बाळंतिणीला गोळ्या गिळायला देई. 812 बायकांना मिसोप्रोस्टॉलचे 600 मायक्रोग्रॅम मिळाले आणि 808 बायकांना दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या गोळ्या मिळाल्या. कोणाच्या वाट्याला काय आले हे ना बाळंतिणीला ठाऊक होते, ना सिस्टरला. बाळ बाहेर आल्याबरोबर बाईच्या कमरेखाली प्लास्टिकचे एक अंथरूण सरकवले जाई. त्याचे खालचे टोक नरसाळ्यासारखे निमुळते होत एका पिशवीत उतरे आणि त्या पिशवीवर मिलिलिटरच्या रेघा छापलेल्या असत. तासभर, आणि रक्त थांबले नाही तर दोन तासांपर्यंत, ते तसेच ठेवून पिशवीतली पातळी वाचायची आणि कागदावर लिहायची.

या साध्या अंथरुणाचे महत्त्व फार मोठे आहे. बाळंतपणात किती रक्त गेले हे तोवर डोळ्यांच्या अंदाजाने सांगितले जाई. भिजलेले लुगडे, जमिनीवर सांडलेले आणि पुसून टाकलेले रक्त यांवरून "बरंच अंगावरून गेलं" एवढेच कळे. बेळगावातच झालेल्या एका वेगळ्या अभ्यासात अंदाज आणि पिशवीतले मोजमाप यांची तुलना केली, तेव्हा अंदाज प्रत्यक्षापेक्षा 33 टक्क्यांनी कमी भरला. त्यामुळे 2006 च्या निबंधातील आकडे त्या वेळच्या ग्रामीण अभ्यासांपेक्षा अधिक भक्कम होते. ही गोष्ट टीकाकारांच्या बाजूने लिहितानाही विसरता कामा नये.

निष्कर्ष असे होते. 500 मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्त जाणे म्हणजे अतिरक्तस्राव, अशी व्याख्या आधीच ठरवलेली होती. औषध नसलेल्या गटात तो 12 टक्के बायकांना झाला आणि औषधाच्या गटात 6.4 टक्के बायकांना, म्हणजे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. एक लिटर किंवा त्याहून अधिक रक्त जाण्याचा गंभीर प्रकार 1.2 टक्क्यांवरून 0.2 टक्क्यांवर उतरला. सरासरी रक्तस्राव 262.3 मिलिलिटर होता, तो 214.3 झाला. अठरा बायकांना गोळ्या दिल्या की एकीचा अतिरक्तस्राव टळतो, असा हिशेब लेखकांनी मांडला. थंडी वाजून अंग थरथरणे आणि ताप येणे हे त्रास औषधाच्या गटात जास्त दिसले, पण ते तात्पुरते होते.

आता हाच तक्ता दोन तऱ्हांनी वाचता येतो. "प्रमाण निम्मे झाले" हे वाचन खरे आहे. "सरासरी फरक 48 मिलिलिटरचा, म्हणजे अर्धा कप चहाइतका" हे वाचनही तितकेच खरे आहे. गंभीर रक्तस्राव पाचपटीने घटला असे म्हटले तर ते चूक नाही, पण तिथे प्रत्यक्ष संख्या एका गटात दहा आणि दुसऱ्यात दोन इतक्याच आहेत, आणि इतक्या लहान संख्यांवर मोठा भरवसा ठेवताना हात जरा आखडता घ्यावा लागतो. टक्केवारी पुढे करायची की मूळ संख्या, सरासरी सांगायची की रेघ ओलांडणाऱ्यांचे प्रमाण, हे निवडताना संशोधक खोटे बोलत नसतो. तरीही वाचणाऱ्याच्या मनात काय ठसेल ते तो त्या निवडीतून ठरवत असतो.

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील क्रिस्टिना चू, पेत्रा ब्रह्लिकोव्हा आणि ॲलिसन पोलॉक यांनी 2012 मध्ये 'जर्नल ऑफ द रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिन'मध्ये जो आढावा प्रसिद्ध केला, त्याचा रोख मात्र टक्केवारीपेक्षा खोल होता. घरी आणि गावपातळीवर मिसोप्रोस्टॉल वापरण्याला उपलब्ध पुरावा आधार देत नाही, आणि ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घालण्याच्या निर्णयाचा जागतिक आरोग्य संघटनेने फेरविचार करावा, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हे समजण्यासाठी यादीचा इतिहास पाहावा लागतो. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळण्यासाठी मिसोप्रोस्टॉल यादीत घ्यावे ही मागणी 2009 मध्ये तज्ज्ञ समितीपुढे आली तेव्हा मान्य झाली नव्हती. 2011 मध्ये ती मान्य झाली, मात्र ऑक्सिटोसिन मिळत नसेल किंवा सुरक्षितपणे देता येत नसेल तेथेच, अशी अट जोडून. ऑक्सिटोसिन हे याच कामाचे, अधिक परिणामकारक औषध आहे. 2001 मध्ये नऊ देशांतील साडेअठरा हजार बायकांवर झालेल्या रुग्णालयीन चाचणीत ते मिसोप्रोस्टॉलपेक्षा सरस ठरले होते. पण ते सुईने द्यावे लागते आणि थंड ठेवावे लागते. विजेचा भरवसा नसलेल्या उपकेंद्रात गोळीचे आकर्षण का वाटले असेल, हे वेगळे सांगायला नको. 2012 मध्ये संघटनेने एक पाऊल आणखी पुढे टाकून, प्रशिक्षित प्रसूतिसेविका नाही आणि ऑक्सिटोसिनही नाही अशा ठिकाणी गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांनी ही गोळी द्यावी, अशी शिफारस केली. भारत सरकारने 2013 मध्ये घरी होणाऱ्या बाळंतपणांसाठी गावात या गोळ्या वाटण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या.

माझ्या मते सगळा वाद येथे येऊन ठेपतो. बेळगावच्या चाचणीत गोळी सिस्टरच्या हातून दिली गेली होती. पोटात दुसरे मूल नाही हे पाहणारी, नाळ कापल्याची वेळ ध्यानात ठेवणारी, पिशवीतली पातळी चढताना दिसली तर बाईला मोठ्या दवाखान्यात हलवणारी एक प्रशिक्षित व्यक्ती तेथे दोन तास बसलेली होती. शिवाय हिमोग्लोबिन 8 ग्रॅमच्या खाली असलेल्या, रक्तदाब वाढलेल्या किंवा आधीपासून गुंतागुंत असलेल्या बायका चाचणीत घेतल्या नव्हत्या. त्यांना वगळणे संशोधकांच्या दृष्टीने योग्यच होते, कारण अशा बाईला औषध नसलेली गोळी देऊन घरी बाळंत करणे अक्षम्य ठरले असते. पण त्यामुळे जी बाई सर्वांत आधी दगावण्याचा संभव, तिच्याविषयी ही चाचणी काहीच सांगत नाही. सिस्टरच्या उपस्थितीत निरोगी बाळंतिणीला मिळालेला फायदा सिस्टर नसलेल्या घरात, रक्त कमी असलेल्या बाळंतिणीलाही तेवढाच मिळेल, हे अनुमान आहे. ते कदाचित बरोबरही असेल, पण त्या 1620 नोंदींत ते नाही.

या मुद्द्यावर टीकाकारांची बाजू मला पटते, परंतु त्यांच्या युक्तिवादातला दुसरा धागा मला तितका पटत नाही. मातामृत्यू कमी झाल्याचे कोणत्याही चाचणीने दाखवलेले नाही, असे ते म्हणतात. हे खरे आहे, पण ही अपेक्षा बेळगावच्या चाचणीकडून करणेच चूक होते. 2001 ते 2003 या काळात देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे 301 माता मरत होत्या आणि त्यांतल्या सुमारे 38 टक्के रक्तस्रावाने. हा दर धरला तर 1620 बाळंतपणांत सर्व कारणांनी मिळून पाचाच्या आत आणि रक्तस्रावाने दोनाच्या आत मृत्यू अपेक्षित राहतात, आणि तेही दोन गटांत विभागून. निवडलेल्या निरोगी बायकांत ते आणखी कमी. मृत्यूतला फरक सिद्ध करायचा असता तर चाचणी लाखांच्या संख्येत करावी लागली असती, आणि ती पुरी होईपर्यंत जे मृत्यू टळू शकले असते त्यांचे उत्तर कोणी द्यायचे, हा प्रश्न उरतोच. चाचणीच्या समर्थकांना या बाजूने जी तळमळ वाटत होती तिला मी कमी लेखणार नाही.

या वादाने संस्थात्मक मार्गही धरला. 2013 मध्ये हे औषध यादीतून काढावे अशी मागणी तज्ज्ञ समितीपुढे गेली, पण समितीने ते यादीत कायम ठेवले. तरीही टीका वाया गेली असे म्हणता येत नाही. गरोदर बाईच्या हाती आधीच गोळ्या देऊन ठेवाव्यात का, यावर 2012 मध्ये संघटनेने पुरावा अपुरा म्हणून शिफारस केली नाही. 2020 मध्ये मान्यता दिली तीही देखरेख आणि मूल्यमापन यांची अट घालून. म्हणजे सिस्टरच्या हातापासून बाईच्या स्वतःच्या हातापर्यंतचा प्रवास एका उडीत न होता टप्प्याटप्प्याने झाला, आणि प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी "हे तुमच्या चाचणीत होते का" असे विचारत होते.

डेटाच्या मालकीचा प्रश्न येथून पुढे सुरू होतो, आणि प्रकरणाचा तो भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. टीकाकारांनी आपला आढावा छापील निबंधांवरून केला. छापील निबंधात सरासरी असते, टक्केवारी असते, पण कोणत्या बाईचे किती मिलिलिटर रक्त गेले हे नसते. ते मूळ नोंदींत असते. ज्याच्याकडे मूळ नोंदी आहेत तो व्याख्या बदलून गणित पुन्हा मांडू शकतो, आणि ज्याच्याकडे त्या नाहीत त्याला लेखकाने निवडलेल्या रेघेवरच भांडावे लागते. म्हणून अन्वयार्थाचा वाद आणि ताब्याचा वाद कधीच पूर्ण वेगळे काढता येत नाहीत.

ही चाचणी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांपैकी एका संस्थेच्या आणि गेट्स फाउंडेशनच्या मदतीने उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय संशोधनजाळ्याचा भाग होती. अशा जाळ्यात नोंदी एका देशात लिहिल्या जातात, दुसऱ्या देशातील केंद्रात तपासल्या जातात आणि तिसऱ्या ठिकाणी छापल्या जातात. नियमही नेमके याच काळात बदलत होते. चाचणी सुरू झाली तेव्हा 2002 होते. अमेरिकेतील मोठ्या सरकारी अनुदानांवर डेटा इतरांना उपलब्ध करण्याची योजना देण्याचे बंधन ऑक्टोबर 2003 मध्ये आले. चाचणी आधी सार्वजनिक नोंदवहीत नोंदवलेली नसेल तर निबंध छापणार नाही, हे प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी 2004 मध्ये जाहीर केले आणि 2005 पासून अमलात आणले. भारताची स्वतःची चाचणी-नोंदवही 2007 मध्ये सुरू झाली आणि तिच्यात नोंद करणे 2009 मध्ये सक्तीचे झाले. निबंधासोबत "डेटा कोणाला, कधी, कोणत्या अटींवर मिळेल" हे लिहिण्याची अट तर थेट जुलै 2018 पासूनची आहे. आजच्या अपेक्षांचा गज लावून 2002 च्या करारांना दोष देणे त्यामुळे अन्यायाचे ठरेल. मात्र आज नव्या करारावर सही करणाऱ्याला ही सबब उरलेली नाही.

कायदा या बाबतीत फारसा मदतीला येत नाही. 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यात संकलनाला आणि संगणकीय डेटाबेसला संरक्षण आहे, पण अमुक बाईचे इतके रक्त गेले या वस्तुस्थितीवर कोणाचा स्वामित्वहक्क सांगता येत नाही. त्यामुळे व्यवहारात सगळे काही संस्थांमधल्या लेखी करारावर अवलंबून राहते. परदेशी सहकार्याच्या आरोग्यसंशोधनाला आपल्याकडे आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या नीतितत्त्वांत अशा सहकार्यातील डेटाची मालकी व वापर आधीच ठरवून घेण्यावर भर आहे. बेळगावच्या निबंधात स्थानिक डॉक्टरांची नावे लेखकांत मानाने आली, हे नमूद करायला हवे, कारण इतर ठिकाणी नमुने आणि नोंदी देणाऱ्यांची नावे आभारप्रदर्शनात जाऊन बसतात. पण लेखकांत नाव असणे आणि दहा वर्षांनी मूळ नोंदी उघडून पाहण्याचा हक्क असणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. करारात दुसरी गोष्ट स्पष्ट नसेल तर पहिली शोभेपुरती राहू शकते.

मग सगळ्या नोंदी सर्वांना खुल्या कराव्यात का? माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्याचे कारण खेड्याच्या स्वभावात आहे. नाव, पत्ता, घरक्रमांक पुसून टाकला की ओळख पुसली, हा शहरी समज आहे. अमुक उपकेंद्र, श्रावणातली तारीख, चौथ्या खेपेची बाळंतीण, रक्त फार गेले म्हणून रात्री जीपने बेळगावला नेलेली, एवढे वाचले की खानापूर किंवा हुक्केरी तालुक्यातल्या कोणत्याही लहान गावात ती कोणाची सून हे पारावर बसलेले लोक सांगतील. त्या बाईने संमती दिली ती गोळी घेण्याला आणि रक्त मोजण्याला. पुढच्या वीस वर्षांत कोणीही अनोळखी माणसाने तिचे बाळंतपण वाचावे, याला तिने संमती दिलेली नव्हती. म्हणून प्रश्न लेखी मांडणाऱ्या, पात्रता दाखवणाऱ्या आणि गोपनीयतेची हमी देणाऱ्या संशोधकालाच नोंदी द्याव्यात. ते ठरवणाऱ्या समितीत मूळ संशोधक एकटे नसावेत आणि जिल्ह्यातील लोकांचा प्रतिनिधी असावा, हा मार्ग मला रास्त वाटतो. विरोधक आहे एवढ्या कारणाने नोंदी नाकारणे जितके चूक, तितकेच विश्वास मिळवण्यासाठी बाळंतिणींची माहिती उघड्यावर मांडणे चूक आहे.

वादाचे सर्वांत चांगले फळ शेजारच्या विजापूर जिल्ह्यात दिसले. अठरा बायकांना औषध दिल्यावर एकीचा अतिरक्तस्राव टळतो, याचा दुसरा अर्थ सतरा जणींना थंडी-तापाचा त्रास होण्याची शक्यता पत्करून विनाकारण औषध दिले गेले, असाही होतो. बेळगावच्या चाचणीतल्याच काही संशोधकांनी सहभागी होऊन तेथे नवा प्रश्न विचारला: सरसकट सगळ्यांना गोळी देण्याऐवजी पिशवीत 350 मिलिलिटरपर्यंत रक्त जमले की मगच औषध दिले तर चालेल का? 2016 मध्ये छापलेल्या त्या चाचणीत हा पर्याय कमी दर्जाचा ठरला नाही, आणि औषध घ्याव्या लागणाऱ्या बायकांची संख्या कितीतरी घटली. पहिल्या चाचणीवरची शंका मूळ संशोधकांनी अपमान न मानता पुढच्या चाचणीचा विषय केली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पहिली चाचणी मात्र आता पुन्हा होणे नाही. 2005-06 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातील 64.7 टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत होती, तर 2019-21 च्या पाहणीत हे प्रमाण 97 टक्के झाले. घरी सिस्टरच्या हातून होणारे बाळंतपण आता क्वचितच आढळते, आणि प्रभावी औषधे ठाऊक असताना बाळंतिणीला औषध नसलेली गोळी देण्याची परवानगी आज कोणतीही नीतिसमिती देणार नाही. दरम्यान, 500 मिलिलिटरची जुनी रेघही हलली आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार 300 मिलिलिटर रक्त गेले आणि सोबत नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला दिसला, की उपचार सुरू करायचे आहेत. ग्रामीण बेळगावातील त्या बायकांपैकी कितीजणींचे रक्त 300 च्या पुढे गेले आणि गोळीने त्यात किती फरक पडला, हे छापील निबंधावरून काढता येत नाही. मूळ कागदांवर मात्र प्रत्येकीचे मिलिलिटर सिस्टरच्या हाताने लिहिलेले होते, आणि ते जपलेले असतील तर ज्याला ते पाहण्याची परवानगी मिळेल त्याला ते गणित आजही मांडता येईल.